सवडीनं दाखवून घ्या

वैजयंती देसाई काही लेखिका नव्हे. वाढदिवसाच्या कार्डावर दोन ओळी लिहायच्या म्हटल्या तरी तिला घाम फुटायचा. पण तिनं लिहिलेली तीन वाक्यं कोल्हापूर भागातल्या गावोगावच्या माणसांनी श्वास रोखून, अक्षर न चुकवता ऐकली होती. भल्याभल्या लेखकांच्या नशिबी असले श्रोते येत नाहीत. ती वाक्यं अशी:

‘पोटात थोडी सूज दिसतीया. घाबरायचं कारण न्हाई. सवडीनं तालुक्याला दाखवून घ्या.’

आणि त्या मंगळवारी सकाळी, गडहिंग्लजला डॉक्टर अत्तारांच्या केबिनमध्ये, तीच वाक्यं तिच्या कानांवर आली. डॉक्टरांनी टेबलावरच्या पडद्यावर तिच्या थोरल्या जावेचा, शालनचा, जुना अहवाल उघडला होता. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. अहवालाबरोबर यंत्र पेशंटशी काय बोललं तेही साठवलेलं असतं. डॉक्टरांनी ते चालू केलं, आणि एका समजूतदार बाईमाणसाचा आवाज केबिनभर पसरला.

शालन बाहेर बाकावर बसली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगावरचं पोलकं ढगळ झालेलं. पण तिला घोर कसला, तर घरी म्हस खोळंबलीय याचा!

“देसाईबाई,” डॉक्टर म्हणाले, “स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे. चार सेंटिमीटर. पित्ताची नळी दाबली गेलीय, म्हणून ही कावीळ. शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीलाही तिनं विळखा घातलाय. आज मी कुणालाही ‘करा ऑपरेशन’ म्हणू शकत नाही. आधी कोल्हापूरला नेऊन नळी टाकायची, पित्त मोकळं करायचं. मग केमो. गाठ आटली तर पुढचं बघू.”

“आणि नाही आटली तर?”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. एकोणीस वर्षं वैजयंतीनं याच माणसाच्या हाताखाली सोनोग्राफीचे अहवाल टाइप केले होते. डॉक्टर अत्तार चष्मा पुसू लागले की काय समजायचं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“चौदा महिन्यांपूर्वी हीच गाठ नऊ मिलिमीटर होती,” ते म्हणाले. “बंडीनं बरोब्बर पकडली होती हो! जागा, माप, कडकपणा, सगळं लिहिलंय इथं. तेव्हा आली असती तर कापून काढून मोकळे झालो असतो. का आली नाही ही बाई?”

का आली नाही, ते त्या केबिनमध्ये फक्त वैजयंतीलाच माहीत होतं. तिनं पर्स उघडली, बंद केली, आणि कोल्हापूरला कधी न्यायचं ते विचारलं.

“उद्याच,” डॉक्टर म्हणाले.

आता ही बंडी म्हणजे काय ते सांगून टाकायला हवं. सरकारी कागदात तिचं नाव एवढं लांबलचक आहे की वाचणाऱ्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो. लोकांनी पहिल्याच आठवड्यात तिची ‘बंडी’ केली, कारण ती दिसते तशीच: बिनबाह्यांची, पुढून बांधायची, जरा जाड. तिच्या अस्तरात चार हजारांवर बारीक स्फटिक बसवलेले असतात. प्रत्येक स्फटिक आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा, आणि शरीराच्या आतून परतणारा त्याचा प्रतिध्वनी टिपतो. सोनोग्राफीचंच तत्त्व. फरक एवढाच की पूर्वी डॉक्टर एक दांडकं पोटावर फिरवायचे आणि जिथं आतड्यातला वायू आडवा यायचा तिथं चित्र काळं पडायचं. स्वादुपिंड तर जठराच्या पाठीमागं दडून बसलेलं, त्यामुळे ते हमखास सुटायचं. बंडी चहूबाजूंनी एकदम बघते. एका बाजूनं वायू आडवा आला तर दुसऱ्या बाजूनं वाट काढते आणि अकरा मिनिटांत पोटातल्या एकेका अवयवाचं भरीव चित्र उभं करते.

एवढ्यावर ती थांबत नाही. ती आतल्या मांसाला हलकासा धक्का देते आणि त्या धक्क्याची लहर किती वेगानं पुढं सरकते ते मोजते. मऊ भागातून लहर रमतगमत जाते, कडक भागातून झपाट्यानं. वाईट गाठी बहुधा कडक असतात. म्हणजे काय, वैद्य पूर्वी बोटांनी दाबून बघायचे तेच, पण बोट जिथं पोचत नाही तिथं.

दोन हजार अडतीसपर्यंत गावोगावच्या उपकेंद्रांत बंड्या पोचल्या. डॉक्टर मात्र पोचले नाहीत. मग अहवाल समजावून सांगायचा कुणी? बंडीनंच. आणि बंडीला बोलायला शिकवण्यासाठी पुण्याच्या संस्थेनं जी माणसं गोळा केली त्यांत वैजयंती होती.

तिची निवड झाली ती तिच्या एका नादामुळे. टाइप करता करता तिनं वैद्यकीचे अवघड शब्द सोडवायची चावी स्वतःच शोधली होती. शब्दाच्या सुरुवातीला हिपॅटो आलं की यकृत, नेफ्रो आलं की मूत्रपिंड, गॅस्ट्रो आलं की जठर. शेवटी आयटिस आलं की सूज, ओमा आलं की गाठ, स्कोपी आलं की आत दुर्बीण घालून बघणं, एक्टमी आलं की कापून काढणं. पुढं आणि मागं जोडायचं, झाला शब्द! ही चावी ती घरी जेवताना शालनला शिकवायची. स्वादुपिंडाला डोकं असतं, धड असतं आणि शेपटीही असते हे ऐकून शालन एवढी हसली होती की तिला ठसका लागला. “म्हंजी पोटात पाल हाय म्हण की!” असं म्हणून तिनं पुढं आठवडाभर सगळ्यांच्या पोटांतल्या पालींची चौकशी केली.

सुरुवातीला बंडी खरं तेच बोलायची. संशयास्पद गाठ, इतके मिलिमीटर, घातक असण्याची शक्यता इतके टक्के. चाचणीच्या काळात एका गावातल्या माणसानं ते ऐकलं, घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला, आणि पाणीसुद्धा घेईना. शेवटी निघालं काय, तर पाण्यानं भरलेली साधी पुटकुळी. पण तोवर माणूस अर्धा झाला होता. पुण्यात बैठक बसली. प्रकल्पप्रमुख नीरजा फडणीस म्हणाल्या, “हे असं नको. मऊ बोलायला हवं. देसाईबाई, तुमच्याकडे डॉक्टर कसं सांगतात?”

डॉक्टर अत्तार कसं सांगायचे ते वैजयंतीला तोंडपाठ होतं. त्यांच्या केबिनमध्येच, दाराशी, तिचं टाइपिंगचं टेबल. नातेवाईक आधीच येऊन कानाशी लागायचे, “पेशंटला सांगू नका हं डॉक्टर.” मग डॉक्टर पेशंटला म्हणायचे, “थोडी सूज आहे मावशी, घाबरू नका, दाखवून घ्या सवडीनं.” मावशी खुशीत बाहेर. किती छान, किती माणुसकीचं! वैजयंतीनं तेच वाक्य आपल्याकडच्या बोलीत घोळवून दिलं. बैठकीत सगळ्यांना ते एवढं आवडलं की कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आता चूक कुठं झाली ते बघा. डॉक्टर अत्तार ते वाक्य बोलायचे खरे, पण मावशी बाहेर गेल्यावर दार लावून घ्यायचे आणि मावशीच्या मुलाला खुर्चीवर बसवून म्हणायचे, “हे बघ, उद्या सकाळी सातला हिला कोल्हापूरला घेऊन जा. परवा नाही, उद्या.” अर्धं बोलणं दार उघडं असताना, अर्धं दार लावून. वैजयंतीनं दोन्ही अर्धी एकोणीस वर्षं ऐकली होती. बंडीला तिनं एकच दिलं. कारण नियम असा होता की अहवाल ज्याचा त्यालाच सांगायचा, दुसऱ्या कुणाला नाही. नियम काही वाईट नव्हता. पण दुसरा अर्धा भाग गळला, आणि तो गळतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. नीरजाबाईंनी एकदा विचारलं होतं, “जातील ना पण लोक दाखवायला?” वैजयंती म्हणाली होती, “जातील की! बायका शहाण्या असतात.”

रिक्षात शालननं विचारलं, “काय म्हणाला गं डाक्टर?”

वैजयंतीनं तोंड उघडलं. तिला खरंच वाटलं होतं की आपण आता सांगणार.

“थोडी सूज आहे आक्का,” ती म्हणाली. “नळी टाकून घ्यावी लागेल. उद्या कोल्हापूरला जायचं.”

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचीच किळस आली. परत तेच! त्याच तोंडानं, त्याच मऊपणानं. शालननं तिच्याकडं एकवार पाहिलं आणि रस्त्याकडं तोंड केलं.

“उद्या?” ती म्हणाली. “आणि चांदीचं काय?”

चांदी म्हणजे त्यांची म्हस. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून चांदी. दुधाला चांगली पण स्वभावानं महाखट. शालनशिवाय दुसऱ्या कुणाला आचळाला हात लावू द्यायची नाही. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरायची आणि वर लाथ मारायची. त्या म्हशीपायी शालन गेल्या पाच वर्षांत एक रात्रसुद्धा गावाबाहेर राहिली नव्हती. माहेरच्या लग्नालाही सकाळची धार काढून जायची आणि संध्याकाळच्या धारेला परत.

घरी आल्यावर शालन वैरण टाकायला गेली. वैजयंती आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि पुण्याला फोन केला.

नीरजा फडणीस भली बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “थांबा, आकडे बघते.” बराच वेळ फोनवर नुसती बटणांची टकटक. “हे वाक्य ऐकून तीन महिन्यांच्या आत दाखवायला गेलेले… पुरुष, शंभरात एकाहत्तर.”

“आणि बायका?”

“एकोणीस.”

वैजयंती पलंगावर बसली.

“आम्ही हे असं वेगळं काढून कधी पाहिलंच नाही हो,” नीरजाबाई म्हणाल्या. “आम्ही विचारत होतो, बोलणं आवडलं का, भीती वाटली का. तुमच्या वाक्याला सगळ्यांत जास्त पसंती होती. चौऱ्याण्णव टक्के.”

“बंद करा ते. आज.”

“तुम्ही लेखी द्या, तुमच्या नावानं, की या वाक्यामुळे अपाय झाला. मग मी आज थांबवू शकते. पण देसाईबाई, मग चौकशी होईल. नाव तुमचं येईल. आणि त्या जागी दुसरं वाक्य लागेल. बंडी गप्प बसू शकत नाही.”

“नाव येऊ दे,” वैजयंती म्हणाली.

तिनं लिहून पाठवलं. सहा ओळींचं पत्र, पण तीनदा खोडावं लागलं. पाठवल्यावर हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. छे! उलट आता दुसरीच गोष्ट वर आली, जी सकाळपासून ती मनातल्या मनात पायाखाली दाबून धरत होती.

चौदा महिन्यांपूर्वीची दुपार. ती याच खोलीत, कानाला यंत्र लावून, पुण्याच्या माणसांशी बोलत बसलेली. दारात शालन आली. हातात फोन. “वैजू, त्या बंडीचं काय आलंय बघ की जरा. इंग्रजीत बी हाय काहीतरी.” अहवाल सगळा त्यात होता. नऊ मिलिमीटर, कडकपणा, जागा, सगळं. वैजयंतीनं एक नजर टाकली असती तर तिला त्या चावीनं अर्ध्या मिनिटात उलगडलं असतं. पण ती कामात होती. बंडीच्या पुढच्या वाक्यांत ‘दिसतेय’ ठेवायचं की ‘दिसतीया’ यावर चर्चा रंगली होती. तिनं हातानंच थांबवलं आणि म्हटलं होतं, “नंतर बघते हं आक्का, सवडीनं.”

आणि नंतर कधीच बघितलं नाही. शालननंही परत विचारलं नाही.

दिवस कलायला शालन गोठ्यात धारेला बसली. वैजयंती दाराशी जाऊन उभी राहिली. कासंडीत दुधाच्या चिळकांड्या एका लयीत पडत होत्या.

“आक्का, मी रिक्षात खोटं बोलले. सूज नाही. गाठ आहे. वाईट गाठ आहे.”

चिळकांड्यांची लय मोडली नाही.

“ठावं हाय,” शालन म्हणाली. “सूज असती तर तू घर येईपर्यंत बडबडली असतीस. गप बसलीस तवाच वळखलं.”

“अजून एक आहे.” वैजयंतीनं चौकट धरली. “बंडी तुला जे बोलली, घाबरू नका, सवडीनं दाखवा… ते मी लिहिलं होतं.”

“ते बी ठावं हाय.”

“कसं काय?”

“सव्वीस वर्सं एका चुलीचं खाल्लं आपण. तुझं बोलणं मला वळखू येत न्हाई होय? या घरात सवडीनं-सवडीनं कोण करतंय दुसरं? बंडी बोलली आणि मी मनात म्हटलं, ही तर आमची वैजूच. परक्या कुणी सांगितलं असतं तर भ्याले असते एखाद वेळ, गेलेही असते. पर तूच म्हणतीयास घाबरू नको. मग मी कशाला घाबरू?”

वैजयंतीला रडू फुटलं. पण रडून भागणार नव्हतं, हे तिचं तिलाच कळत होतं. जे खरं सांगायचं ते अजून आतच होतं.

“तू फोन घेऊन आली होतीस माझ्याकडं,” ती म्हणाली. “दुपारी. आठवतं? मी बघितलं नाही. मी बघितलं असतं तर…”

आता मात्र कासंडीतला आवाज थांबला.

शालन म्हशीच्या कुशीला डोकं टेकून तशीच बसली. मग तिनं मान वळवली. पिवळ्या डोळ्यांत एवढा राग वैजयंतीनं सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

“ते मी काढलं नसतं,” शालन म्हणाली. “मरेपतूर काढलं नसतं. तू काढलंस म्हणून बोलते. सवड म्हंजी काय असतं गं, वैजू? तुला कुठनं मिळायची सवड? तू खोलीत दार लावून त्या यंत्राला बोलायला शिकवायचीस तवा चूल कोण बघायचं? तुझ्या केतकीचा डबा कोण करायचं, मामंजींचं हागणं-मुतणं कोण काढायचं? माझ्या वाटणीची सवड मी तुला दिली. हौसेनं दिली, आमची वैजू मोठ्या कामाला लागलीया म्हणून. आणि तू ती सगळी घेऊन मलाच सांगितलंस, सवडीनं जा! आगं, कुठनं आणू मी?”

चांदीनं पाय आपटला. मालकिणीचा चढलेला आवाज तिला सोसला नाही, तिनं पान्हा चोरला. शालननं दोनदा आचळ ओढून पाहिलं, हात पुसले आणि उठली. अर्धी भरलेली कासंडी तिनं वैजयंतीच्या हातात दिली.

वैजयंतीला माफी मागायची होती. पण मागितली असती तर शालननं ती दिली असती. आजवर जे मागितलं ते तिनं दिलंच होतं. म्हणून वैजयंतीनं ती मागितली नाही.

“तिथं आता दुसरं वाक्य घालायचंय,” ती म्हणाली. “मला सुचत नाही.”

“तुला कसं सुचंल?” शालन वैरण सारखी करत म्हणाली. राग उतरला नव्हता, पण बोलणं चालू होतं. “घाल की, म्हणावं, ‘बाई, उद्याच्या उद्या जा. तुला सवड व्हायची न्हाई, मला ठावं हाय. म्हशीचं, पोरांचं, घरातलं दुसरं कुणीतरी बघंल. घरात जो असंल त्याला आत्ता माझ्यासमोर बोलीव, मी सांगते त्याला.’ असं दमात घ्यावं. बाईमाणसाला दुसऱ्या कुणी दमात घेतल्याबिगर घराबाहेर पडायला निमित्त मिळत न्हाई.”

वैजयंतीनं ते शब्द जसेच्या तसे पुण्याला पाठवले. त्यात एकही काना-मात्रा स्वतःची घातली नाही. डॉक्टर दार लावून बोलायचे तो दुसरा अर्धा भाग शालनला कुणी न शिकवताच ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी शालननं पहाटेची धार काढली, अंघोळ केली, लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली. वैजयंतीचा नवरा संभाजी गाडी काढून उभा होता. वैजयंतीनंही पिशवी भरली होती.

“तू कुठं?” शालननं विचारलं.

“मी येते ना. मी बसते तुझ्याजवळ.”

“बसून काय करशील? उशाशी रडशील, मग नळी घातलेल्या पोटानं मलाच तुला गप करावं लागंल. संभाजी हाय. तू ऱ्हा. सांजची धार काढ.”

“मला? चांदी मला उभी तरी करून घेईल का?”

शालननं दांडीकडं बोट दाखवलं. तिथं तिची रोजची साडी वाळत होती, विटकी, कितीही धुतली तरी शेणाचा आणि वैरणीचा वास न सोडणारी. “ती नेस. पदर डोक्यावरनं घे. तोंड दाखवू नको, बोलू बी नको. आमची आई आजारी पडली की मावशी असंच करायची. वासाला फसती म्हस.” मग गाडीत बसता बसता म्हणाली, “दुसऱ्यांच्या म्हशी फसत्यात. चांदी फसायची न्हाई. पर बघ करून.”

दिवसभर वैजयंतीचा जीव टांगणीला लागला होता. दुपारी संभाजीचा फोन आला, नळी नीट बसली, पित्त वाहायला लागलं. पुढचं आत्ताच काही सांगता येत नाही म्हणाले. नीरजाबाईंचाही निरोप आला. नवं वाक्य लागलं होतं आणि चौकशीची तारीखही कळेल असं त्यांनी लिहिलं होतं.

सूर्य कलला तशी वैजयंती शालनची साडी नेसली. पदर पुढं ओढला. शेणाचा आणि वैरणीचा वास नाकात शिरला. सव्वीस वर्षं हा वास स्वयंपाकघरात, ओट्यावर, केतकीच्या पाळण्याशी वावरत होता आणि तिनं कधी त्याला आपला म्हटला नव्हता.

चांदीनं मान वळवली, फुरफुरली, एक लाथ झाडली. कासंडी थोडक्यात वाचली. वैजयंती तशीच उकिडवी बसून राहिली. पुढं आंबोणाची पाटी सरकवली, रेडकू दोन घोट पाजून बाजूला बांधलं आणि शालन करायची तसा जिभेनं हळू टक-टक आवाज केला. चांदीनं पदराला नाक लावलं. हुंगलं. परत हुंगलं. मग पाटीत तोंड घातलं.

वैजयंतीच्या बोटांना आचळं तटतटलेली लागली, आणि पहिली चिळकांडी कासंडीत पडली. मग दुसरी. तिची मनगटं भरून आली, पाठीला रग लागली, पण दूध येतच राहिलं. कासंडी काठाला लागली तेव्हा तिला एकदम उमगलं. तेव्हाही एवढंच लागलं असतं! दांडीवरची एक जुनी साडी आणि कुणीतरी नेसणारं. चार-आठ दिवस. तिनं एकदा नुसतं विचारलं असतं, ‘आक्का, तू का गेली नाहीस?’ तर हे सगळं त्याच संध्याकाळी कळलं असतं.

कासंडी घेऊन ती ओट्यावर आली आणि फोन वाजला. संभाजीच्या नंबरवरून शालन बोलत होती. आवाज खोल गेलेला, पण पहिला प्रश्न ठरलेलाच.

“दिलं का गं चांदीनं?”

वैजयंतीच्या जिभेवर मऊ वाक्य तयार होतं. ‘छे, तुझ्याशिवाय कुठली देतीय!’ शालन हसली असती. आपल्यावाचून अडलं म्हणून तिला बरं वाटलं असतं, आणि चौदा महिने घरी राहिले ते काही उगीच नव्हे अशी समजूत घालून ती झोपली असती. एवढं एक खोटं बोलायला काय हरकत होती? वैजयंतीनं साडीचा पदर मुठीत घट्ट धरला.

“दिलं आक्का,” ती म्हणाली. “रोजच्याएवढं. तुझी साडी नेसले आणि दिलं.”

पलीकडे दवाखान्यात कुणीतरी भांडं सरकवलं, ते ऐकू आलं.

“मग मी तवाच आले असते की गं,” शालन म्हणाली.

“होय, आक्का,” वैजयंती म्हणाली.